ताठ बसण्याचा उपदेश आणि दुखणाऱ्या पाठीची कैफियत

मान, पाठ, कंबर आणि खांदे यांच्या दुखण्यासंबंधी आपल्या समाजात एक निवाडा इतका सर्वमान्य होऊन बसला आहे की, त्याला पुरावा काय असे विचारण्याची गरजही आता कोणास वाटत नाही. मनुष्य पोक काढून बसतो, मान खाली घालून मोबाइल पाहतो, कमरेत वाकून काम करतो, म्हणून त्याचे स्नायू दुखतात; अर्थात दोष त्याच्या बसण्या-उठण्याच्या ढबीचा, म्हणजे पर्यायाने त्याचा स्वतःचाच; आणि इलाज म्हणाल तर त्याने ताठ बसावे, कमरेला पट्टा बांधावा, चार दिवस अंथरुणाला पाठ लावून पडावे, आणि एवढ्याने भागले नाही तर मणक्यांचा फोटो काढून ‘गॅप’ किती आहे ते पाहून घ्यावे, असा त्या निवाड्याचा मजकूर आहे. शाळेतील मास्तर तो मुलांना ऐकवितात, घरातील वडीलधारी माणसे सुनांना ऐकवितात, वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्या तो वारंवार छापतात, आणि ज्यांनी रोग्याची हकिकत आधी पुरती ऐकून घ्यावयाची असे डॉक्टरही पुष्कळदा केसपेपरवर गोळ्या लिहिता लिहिता तोच उच्चारून पुढच्या रोग्यास हाक मारतात.

हा निवाडा एकतर्फी आहे, तो अपुऱ्या पुराव्यावर दिलेला आहे, आणि ज्यांच्यावर तो लादला जातो त्यांच्यातील कष्टकऱ्यांच्या बाबतीत तर तो उघड अन्यायाचा आहे, असे माझे म्हणणे आहे. स्नायूंचे हे दुखणे मुख्यतः उत्पन्न होते ते एकाच स्थितीत खंड न पडता राबविल्यामुळे, अथवा स्नायूंच्या कुवतीबाहेरचा भार त्यांवर अकस्मात किंवा वारंवार पडल्यामुळे. आणि ती स्थिती व तो भार ठरविण्याचा अधिकार बहुतेक वेळी दुखणाईताच्या हाती नसतो. तो असतो हत्याराच्या दांड्यात, मेजाच्या उंचीत, मजुरीच्या दरात आणि रजेच्या नियमांत. ज्याच्या हाती अधिकार नाही त्यास जबाबदार धरून त्याच्याकडून ताठपणाची कबुली वसूल करणे, याला उपचार म्हणता येत नाही.

प्रथम दुखण्याचे स्वरूप पाहू. स्नायू आकुंचन पावतो आणि सैल पडतो, आणि या दोन अवस्थांच्या फेरपालटातच त्याचे आरोग्य आहे. जोराने आकुंचित असताना त्याच्या आतील दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या दबतात व रक्ताचा प्रवाह मंदावतो; तो सैल पडताच रक्त पुन्हा धावते, प्राणवायू पोहोचतो, साचलेली द्रव्ये वाहून जातात. चालणाऱ्याच्या पोटऱ्यांत हा व्यवहार पावलागणिक घडतो, म्हणूनच मनुष्य कोसच्या कोस चालू शकतो. परंतु तोच मनुष्य रिकामे हात खांद्याच्या उंचीवर धरून नुसता उभा राहिला तर काही मिनिटांतच त्याचे खांदे भरून येतात. आपले मस्तक सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे आहे. ते पुढे झुकलेले असताना मानेच्या मागील स्नायूंना फार जोर करावा लागतो असे नाही, पण त्यांना सुटी म्हणून मिळत नाही, आणि नेमके हेच त्यांना बाधते. स्वीडनमधील संशोधक गोरान हेग यांनी १९९१ साली यासंबंधी एक अनुमान मांडले. स्नायूंतील लहान, चिवट तंतू कामावर सर्वांच्या आधी रुजू होतात, आणि काम पुरते थांबेपर्यंत त्यांची सुटका होत नाही. घरात सर्वांआधी उठून सर्वांमागून निजणाऱ्या सुनेसारखी त्यांची गत होते, आणि जोर थोडा लागतो म्हणून त्यांचे कष्ट कोणाच्या लक्षात येत नसले तरी खंड नाही म्हणून तेच आधी झिजतात. हे अनुमान सर्व अंगांनी सिद्ध झालेले नाही. तथापि शिवणयंत्रावर किंवा संगणकावर बोटांपुरतेच हलके काम करणाऱ्यांचे खांदे इतके का दुखतात, याचा इतका समर्पक खुलासा दुसऱ्या कोणत्या कल्पनेने केलेला माझ्या वाचनात नाही.

या वर्णनात वाईट ढब कोठे आली? ताठ बसलेला मनुष्यही तीन तास जागचा हलला नाही तर त्याच्या पाठीचे स्नायू तसेच अडकून पडतात. किंबहुना सैल बसण्यापेक्षा ताठ बसण्यात पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंना अधिकच राबावे लागते. मुलाला ‘ताठ बस’ म्हणून दटावले की ते दोन मिनिटे ताठ बसते आणि पुन्हा सैल होते, याचे कारण त्याचा हट्टीपणा नसून त्याच्या स्नायूंची वाजवी मागणी हे होय.

दुसरा प्रकार आकस्मिक अतिश्रमाचा. वर्षभर खुर्चीवर बसणारा गृहस्थ पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सिंहगड चढून-उतरून येतो, सोमवारी सकाळी त्याचे अंग आंबलेले असते, आणि मंगळवारी तर त्यास जिना उतरणेही अशक्य होते. यावर सगळेजण त्यास सांगतात की, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचले आहे. हे आम्ल श्रम थांबल्यानंतर तासाभरात बहुतांशी निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेस पोहोचते. जे रविवारीच गेले ते मंगळवारच्या वेदनेचे कारण कसे होईल? बॉस्टनच्या थिओडोर हाफ यांनी १९०२ सालीच प्रयोगांती असे मत मांडले होते की, हे उशिरा येणारे दुखणे स्नायूंच्या आतील सूक्ष्म इजेमुळे येते, आणि पुढील संशोधनाने त्यास बळकटीच दिली. अशी इजा सर्वांत अधिक होते ती स्नायू भार सोशीत असताना लांबत जातो तेव्हा, म्हणजे चढण्यापेक्षा उतरताना. म्हणून गड चढताना दम लागतो आणि मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. ही इजा चार-सहा दिवसांत आपोआप भरून येते, आणि भरून येताना स्नायू पुढच्या खेपेस तेच काम सोसण्याजोगा होतो. म्हणून हलके चालणे-फिरणे चालू ठेवावे आणि भीती बाळगू नये. मात्र अतिश्रमानंतर लघवी चहासारखी काळपट होऊ लागली तर तो मामला निराळा. स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडास धोका पोहोचल्याची ती खूण असते, आणि तेव्हा घटकाभरही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे.

आता ताठपणाच्या उपदेशास आधार म्हणून जे दाखले पुढे केले जातात त्यांची छाननी करू. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील गादीत सुई घालून तेथील दाब मोजला, आणि उभ्या माणसापेक्षा बसलेल्याच्या, त्यातही पुढे वाकून बसलेल्याच्या गादीवर दाब अधिक पडतो असे त्यांना आढळले. काम मोठ्या परिश्रमाचे आणि आदरास पात्र होते; पण त्यावरून काटकोनात बसलेल्या माणसाची जी चित्रे जगभरच्या कचेऱ्यांच्या भिंतींवर लागली, त्यांत दाब म्हणजेच दुखणे असे गृहीत धरलेले होते, आणि हे गृहीत कोणी सिद्ध केलेले नव्हते. पुढे १९९९ साली जर्मनीत विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या साधनांनी तीच मोजणी केली तेव्हा सैल बसण्यातील दाब उभे राहण्यापेक्षा जास्त आढळला नाही, आणि खुर्चीत मागे रेलून, घसरून बसल्यावर तर तो पुष्कळच कमी भरला. ही मोजणी एकाच निरोगी माणसावर झाली होती, तेव्हा तिच्यावरून घसरून बसण्याचा उपदेश काढणे गैर होईल. पण ज्या पायावर ताठपणाची इमारत उभी केली तो किती ठिसूळ होता एवढे तरी तिने दाखविले.

पश्चिम ऑस्ट्रेलियात मुलामुलींची मानेची ठेवण त्यांच्या सतराव्या वर्षी मोजून ठेवली, आणि बाविसाव्या वर्षी कोणाची मान सतत दुखते याची चौकशी केली. मुलग्यांत ठेवण आणि दुखणे यांचा संबंध सापडला नाही. मुलींत तर पोक काढणाऱ्यांपेक्षा ताठ मानेच्या मुलींना दुखण्याची शक्यता अधिक निघाली. मान खाली घालून मोबाइल पाहिल्याने मानेवर २७ किलोचा भार पडतो, हे वाक्य ज्यांनी आपल्या नातलगांस व्हॉट्सॲपवरून पाठविले असेल, त्यांनीही ते कोठून आले हे जाणून घ्यावे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकावर केलेल्या गणिताचे ते उत्तर आहे. त्या गणितात मस्तक होते, कोन होता आणि वजन होते. दुखणारा मनुष्य एकही नव्हता.

प्रतिपक्षाची एक गोष्ट मात्र मी निःसंकोच मान्य करतो. जड ओझे वारंवार वाकून, अंगाला पीळ देत उचलणे हे कमरेस खरोखरच धोक्याचे आहे. पण तेथेही वजन किती, दिवसातून किती वेळा, आणि मध्ये विसावा किती, हे प्रश्न आधीचे आहेत. आणि हे प्रश्न विचारू लागले की आपण ढबीच्या चर्चेतून बाहेर पडून कामाच्या तपशिलात शिरतो, जेथे शिरावयास आरोग्याचे बहुतेक उपदेशक तयार नसतात.

म्हणून तेथेच शिरू. बीड जिल्ह्यातून गाळप हंगामासाठी निघालेले एखादे ऊसतोड जोडपे पश्चिम महाराष्ट्रातील फडात काम करताना पाहावे. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. पुरुष कमरेत पुरता वाकून डाव्या हाताने ऊस धरतो व उजव्या हातातील कोयत्याचा घाव अगदी जमिनीलगत घालतो. कारण उसाच्या बुंध्याकडच्या कांड्यांत साखर अधिक असते आणि दोन बोटे वर तोडलेला ऊस कारखान्यास परवडत नाही. मग पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, ऊस मागे टाकायचा, आणि पुन्हा वाकायचे. बाई तोडलेला ऊस गोळा करून वाढ्यांच्याच पिळाने त्याची मोळी बांधते, ती ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेते, आणि जमिनीपासून गाडीपर्यंत तिरप्या लावलेल्या अरुंद फळीवरून तोल सावरीत वर चढते. फळीच्या वरच्या टोकाशी पोचताच मान व खांदे एकदम झटकून मोळी गाडीत टाकते, आणि रिकाम्या डोक्याने खाली उतरून दुसरी घेते. गाडी रात्री आली तर भरणी रात्री होते. मजुरी टनावर मिळते, उचल हंगामाआधीच खर्ची पडलेली असते, आणि अंग मोडून आले म्हणून एक दिवस कोपीत पडून राहिले तर ‘खाडा’ म्हणून हिशेबातून पैसे कापले जातात. या बाईस तिची ढब चुकते असे कोण सांगणार? आणि पुरुषाने ताठ उभे राहून जमिनीलगतचा ऊस कसा तोडावा?

सोलापूरच्या किंवा सिन्नरच्या विडी कामगार स्त्रीची गोष्ट वरकरणी याहून सौम्य दिसते, कारण ती बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू. पान घ्यायचे, तंबाखू भरायची, वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली. मान वर केली की हात थांबतो, हात थांबला की हजार पुरे होत नाहीत. म्हणजे तिची मान खाली आहे ती दराने खाली धरली आहे.

याहून स्पष्ट दाखला हवा असेल तर तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मिळतो. तेथील भाजीपाल्याच्या मळ्यांत, मुख्यतः मेक्सिकन मजुरांकडून, हात-दीड हात दांड्याच्या कुदळीने विरळणीचे व निंदणीचे काम करवून घेत, आणि दिवसभर कमरेत दुमडून राहिल्याने त्यांच्या पाठी कायमच्या निकामी होत. मळेवाले सांगत की, लांब दांड्याने पीक नासेल. मजुरांनी व त्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षे फिर्याद लढविली, आणि १९७५ साली त्या आखूड कुदळीस बंदी झाली. मळे बुडाले नाहीत. उपदेश मजुरांच्या पाठी कधीही सरळ करू शकला नसता; तो बदल दांड्याच्या लांबीने घडविला. आपल्याकडे खुरपणी बहुशः बाया करतात, आणि त्यांच्या हाती असते वीतभर मुठीचे खुरपे. ओळीतल्या पिकात उभ्याने चालविण्याची हातकोळपी उपलब्ध असताना ती बांधावर येतात किती, हा प्रश्न पाठदुखीच्या प्रत्येक व्याख्यानात विचारला गेला पाहिजे. शहरी कारकुनाचा लॅपटॉप हे याच जातीचे हत्यार आहे. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांस जखडलेले. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात अधांतरी, हात टेकावेत तर मान खाली. वेगळा स्वस्त कळफलक आणि पडद्याखाली चार जाड पुस्तके यांनी जे साधते, ते कोणत्याही निग्रहाने साधत नाही.

येथे एक जुना आक्षेप हमखास येतो. ‘आमच्या आज्या पहाटे उठून जात्यावर दळण दळीत, विहिरीचे पाणी ओढीत, आणि त्यांची कधी पाठ दुखली नाही, हे सगळे आताच्या नाजूकपणाचे चोचले आहेत.’ हा आक्षेप मोठ्या प्रेमाने घेतला जातो म्हणून त्याचे उत्तरही मी गांभीर्याने देतो. आजीची पाठ दुखत नव्हती, याचा पुरावा एवढाच की तिने ते कोणास सांगितले नाही. आणि सांगावे असा माणूस त्या घरात होता की नव्हता, याचा विचार आक्षेपकाने करावा. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक संख्येने गोळा करून ठेवल्या आहेत. दळणाऱ्या बाईच्या अंगाचे पाणी होणे, आणि मनगटातील बळासाठी तिने आईच्या दुधाची आठवण काढणे, हा ओव्यांतील ओळखीचा विषय आहे. ज्या श्रमाने काहीच दुखत नाही, त्यासाठी बळ मागावे लागत नाही. उसण भरणे, कंबर धरणे, मान अवघडणे, पाठीचा काटा ढिला होणे, हात भरून येणे, असे शब्द आपल्या भाषेत आले ते कष्ट उपसणाऱ्या माणसांच्याच बोलण्यातून. एवढे मात्र खरे की, आजीच्या दिवसात कामांची विविधता होती: ती दळून उठे, झाडलोट करी, पाण्यास जाई, बसे, वाके, चाले. दिवसाचे आठ-दहा तास एकच हालचाल तिच्या वाट्यास आली नाही. आक्षेपातून घ्यावयाचे असेल तर एवढे घ्यावे.

आता उपचारांविषयी. कंबर धरली की पडून राहावे हा सल्ला इतका सहज दिला जातो की तो तपासला गेला आहे हे पुष्कळांस ठाऊकही नसते. हेलसिंकी नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणावर विश्रांती दिली, काहींना कमरेचे व्यायाम शिकविले, आणि काहींना वेदना सोसेल तितपत आपली रोजची कामे चालू ठेवण्यास सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजची कामे करणारे, आणि सर्वांत उशिरा अंथरुणावर पडलेले. पट्ट्याची कथा हीच. अमेरिकेत दुकानांतून माल हाताळणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. पट्टा बांधणाऱ्यांत कमरेच्या दुखापती कमी झाल्याचे तीत दिसले नाही.

मणक्यांच्या फोटोने तर आपल्या समाजात भीतीचे मोठेच राज्य पसरविले आहे. ‘तुमच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांत गॅप आहे’ असे एकदा ऐकलेला मनुष्य पुढे आयुष्यभर घागर उचलीत नाही, नातवास कडेवर घेत नाही, आणि न वापरल्यामुळे त्याचे स्नायू खरोखरच दुबळे होतात. ज्यांचे काहीही दुखत नाही अशा माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा निघाला. त्यात विशीतल्या निरोगी माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजू लागलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या वयात ते प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते, आणि पुष्कळदा दुखण्याशी तिचा काडीइतकाही संबंध नसतो. फोटो कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. पायातील शक्ती जाऊ लागली, लघवी-शौचाचा ताबा सुटला अथवा लघवी तुंबली, बैठकीची जागा बधिर झाली, ताप येतो, वजन कारणाशिवाय घटते, रात्री झोपेतून उठविणारी वेदना आहे, पूर्वी कर्करोग झालेला आहे, किंवा पडझडीचा मार बसला आहे, तर तपासणीस एक दिवसही विलंब करू नये. आणि छातीत दाटून येऊन डावा खांदा वा हात दुखत असेल तर ती स्नायूंची उसण समजून तेल चोळीत बसू नये. इतर बहुसंख्यांना मात्र फोटोपेक्षा धीराची आणि माहितीची गरज असते.

मग गुण कशाने येतो? गरम शेक आणि घरच्या माणसाने प्रेमाने लावलेले तेल यांनी वेदना घटकाभर हलकी होते, आणि ती हलकी असताना मनुष्य हालचाल करू शकतो; एवढ्यासाठी ते अवश्य करावे, त्याने मणका जागेवर बसतो या समजुतीने नव्हे. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस चालतात. पण उन्हात घाम गाळीत, पुरेसे पाणी न पिता, रोज गोळी खाऊन फडात उतरणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांची त्याने होणारी हानी भयंकर असते, आणि गावोगावच्या दुकानांतून त्या गोळ्या बिनदिक्कत मिळतात ही गोष्ट लाजिरवाणी आहे. खरा गुण येतो तो स्नायूंची कुवत हळूहळू वाढविण्याने. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या स्त्रियांना, विश्रांती न सांगता, दुखणाऱ्या त्याच स्नायूंसाठी वजनांचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, वीस वीस मिनिटे, दहा आठवडे दिले, आणि त्यांचे दुखणे लक्षणीय कमी झाले. २०११ सालच्या दुसऱ्या अभ्यासात तर रबरी पट्टा ताणण्याची रोजची दोन मिनिटेही कारकुनी काम करणाऱ्यांना उपयोगी पडली. दुखणाऱ्या स्नायूस बळ द्यावयाचे, त्यास जपून जपून निर्बळ करावयाचे नाही, हे सूत्र आपल्या लोकांच्या गळी उतरविणे कठीण जाते. पण ते उतरविलेच पाहिजे.

परंतु येथे मला थांबून एक भेद केला पाहिजे, कारण याच सूत्राचा दुरुपयोग होण्याचा संभव आहे. खुर्चीवर बसणाऱ्यास व्यायाम सांगावा. ज्या बाईने दिवसभर मोळ्या वाहिल्या तिला सायंकाळी आणखी वजने उचलण्यास सांगणे हा निर्दयपणा आहे. तिच्या स्नायूंत बळाची कमतरता नाही, तिच्या दिवसात विसाव्याची आहे. तिचे औषध रुग्णालयात मिळणार नाही. ते फडावर, कारखान्याच्या करारात आणि कायद्याच्या कलमात आहे.

‘विसावा दिला तर काम कसे उरकणार?’ असा प्रश्न मुकादमही विचारतो आणि कंपनीचा व्यवस्थापकही. अमेरिकेच्या कर-खात्यात आकडे भरणाऱ्या कर्मचाऱ्यांना नेहमीच्या सुट्यांखेरीज पाच पाच मिनिटांचे चार विसावे रोज जादा देऊन पाहिले. हात, मान व पाठ यांचा त्रास घटला, आणि दिवसाचे काम मात्र कमी भरले नाही. आपल्या विधिमंडळांनाही ही दृष्टी अगदीच अपरिचित नव्हती. १९४८ च्या कारखाना अधिनियमात इजा होईल इतके जड ओझे कोणाही कामगारास उचलावयास लावू नये, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी, आणि पाच तासांहून अधिक काळ विसाव्यावाचून काम घेऊ नये, अशी तीन कलमे घातलेली होती. पण त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत ज्या रोगांची वर्दी सरकारास देणे बंधनकारक केले, त्यांत शिशाच्या विषबाधेस जागा मिळाली, धुळीने फुप्फुसे निकामी होण्यास मिळाली, आणि स्नायूंच्या झिजेस मिळाली नाही. ज्या दुखण्याची वर्दी नाही त्याची मोजदाद नाही, आणि ज्याची मोजदाद नाही त्यासाठी कोणी हत्यार बदलीत नाही. शंभर किलोचे पोते एके काळी आपल्या बाजारांत शिरस्त्याचे होते. त्याचे पन्नास किलो झाले ते हमालांस वाकण्याची योग्य पद्धत शिकवून नव्हे, तर त्यांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरली म्हणून. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या नोकरांस बसण्याचा हक्क कायद्याने दिला. साड्यांच्या दुकानात बारा तास उभी राहणारी मुलगी महाराष्ट्रातही आहे.

इटलीतील मोडेना येथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या १७१३ सालच्या वाढविलेल्या आवृत्तीत कारकुनांच्या दुखण्याची कारणे म्हणून सततचे बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि मनावरचा ताण ही तीन सांगितली होती; आणि वैद्याने रोग्यास विचारावयाच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घालावी, तुझा धंदा कोणता, असा आग्रह धरला होता. आपल्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ अशी एक जागा असते आणि ती बहुधा कोरी राहते, किंवा तीत ‘शेती’, ‘गृहिणी’, ‘नोकरी’ असा एकच शब्द भरला जातो. माझी महाराष्ट्रातील डॉक्टरांस विनंती आहे की, पाठ दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकास त्यांनी विचारावे: काम कोणते, सलग किती वेळ, ओझे किती, आणि विसावा कोण देतो वा नाकारतो; आणि उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावे. साखर कारखान्यांस व साखर आयुक्तांस मागणी आहे की, दुखण्यापायी पडलेल्या दिवसाचा खाडा कापणे बंद करावे, मोळीच्या वजनास मर्यादा घालावी, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळी चढण्याची पाळी कोणा बाईवर येऊ नये असे साधन गाडीबरोबर देणे कंत्राटदारावर बंधनकारक करावे. येत्या गाळप हंगामाचे करार होण्यापूर्वी हे करता येण्याजोगे आहे.